गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवराय काढणाऱ्या पोराने पुण्याचा अश्वारूढ पुतळा घडवला

तोरणा आणि राजगड, दोन्ही वेल्हे तालुक्यातले. आता तर तालुक्याचं नावच राजगड झालंय. रविवारी पुण्याहून या गडांकडे निघालेल्या पोरांच्या गाडीवर, टी-शर्टवर, मोबाईलवर घोड्यावरचे शिवराय असतातच. पण पुण्यातच शिवाजीनगरला, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात उभा असलेला अश्वारूढ पुतळा कुणी घडवला, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतील.

तो घडवला विनायक पांडुरंग उर्फ नानासाहेब करमरकरांनी.

जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवण्याचा. वडील शेतकरी, पण गणपतीच्या मूर्ती करायची आवड. त्यामुळे मातीशी ओळख घरातच झाली. आता त्या काळी खेड्यात कसली आलीये आर्ट गॅलरी? सगळं गाव जिथे येऊन टेकायचं ती जागा म्हणजे देऊळ. विनायकने गावच्या राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवराय काढले. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रोथफिल्ड गावात आले, त्यांची नजर त्या भिंतीवर गेली आणि पोरगं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचलं. चित्र घरातल्या वहीत राहिलं असतं तर साहेबाला दिसलं असतं का?

पुढे कोलकात्यात स्टुडिओ, मग लंडनला शिक्षण. आणि मग आलं पुण्याच्या पुतळ्याचं काम. पुतळा साडेतेरा फूट उंच, वजन जवळपास आठ टन. मुंबईत माझगाव डॉकमध्ये १ जून १९२८ ला ओतकाम झालं आणि अनावरण ठरलं होतं १६ जूनला. म्हणजे हातात जेमतेम पंधरा दिवस. त्यात एवढं मोठं धूड रेल्वेने बोरघाटातल्या बोगद्यांतून न्यायचं. ओतकाम फसलं असतं तर दुसरी संधी नव्हती. पण पुतळा वेळेत पोचला आणि ठरलेल्या दिवशी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं. तिथे आजही शिवजयंतीला लोक जमतात.

'शंखध्वनी'सारखी शिल्पं गाजली, १९६२ ला पद्मश्री मिळाली. पण नानासाहेबांचं खरं मन कळतं ते सासवण्याच्या घरात. त्यांनी कोळीण घडवली, गावातली साधी माणसं घडवली, तीही बऱ्याचदा चक्क सिमेंटमध्ये. ब्राँझ महाग, सिमेंट ऊनपाऊस झेलतं. त्यामुळे शिल्पं अंगणात, झाडांखाली ठेवता येतात.

१९६७ ला ते गेले. घराचं आता शिल्पालय झालंय. मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागकडे जाताना वाटेतच लागतं. अंगणात एक म्हैस आहे, सिमेंटची. पहिल्यांदा येणारे थोडं लांबूनच जातात, मग लक्षात आलं की हसत जवळ येऊन तिच्याशेजारी फोटो काढतात.