लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरेडे

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी वेल्डिंगचा जॉब केलेला आहे. एम. एस. च्या दोन पट्ट्या, एक बट जॉइंट, एक लॅप जॉइंट, जर्नलवर सरांची सही आणि विषय संपला! पण मित्रांनो, शॉपच्या कोपऱ्यात गुणगुणत उभा असतो ना तो वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, त्याचा इतिहास शोधत मागे मागे गेलं की आपण लंडनमधल्या एका लोहाराच्या घरी जाऊन पोचतो. त्या घरातला मुलगा कधीच कॉलेजात गेला नाही. शाळेतही फार दिवस गेला नाही. जे शिकला ते बरंचसं स्वतःच, दुसऱ्याच्या दुकानात, कामातून उरलेल्या वेळात. त्याचं नाव मायकेल फॅरेडे.

आपल्याला फॅरेडे भेटतो तो ‘फॅरेडेज लॉ’ म्हणून. व्हायवाला प्रश्न येतो, आपण पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवतो आणि माणूस राहूनच जातो. म्हणून हा लेख त्या माणसाबद्दल.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथे त्याचा जन्म झाला. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येत साथ देत नव्हती. चार भावंडं आणि कमावता हात एकच, तोही आजारी. १८०१ साली धान्याचे भाव कडाडले तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा आणि तो त्याला सात दिवस पुरवावा लागायचा. शाळेत तो वाचणं, लिहिणं आणि जुजबी हिशेब एवढंच शिकला.

१८०४ मध्ये, तेराव्या वर्षी, तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. सकाळी घरोघरी वर्तमानपत्रं पोचवायची आणि परत गोळा करून आणायची. वर्षभरात रिबोने त्याला बुकबाइंडिंग शिकायला सात वर्षांच्या कराराने ठेवून घेतलं. पोरगा प्रामाणिक आहे म्हणून शिकवण्याची फीसुद्धा घेतली नाही. आता गंमत बघा, बांधणीला आलेली पुस्तकं हा मुलगा नुसती शिवत नव्हता, वाचत होता! एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख त्याने तिथेच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी केमिस्ट्रीवर संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तकही तिथेच त्याच्या हातात पडलं.

वाचून गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. पुस्तकात लिहिलंय ते खरंच होतं का, हे स्वतः करून बघायची त्याला खोड होती. खिशाला परवडेल तेवढंच सामान आणायचं आणि रिबोच्या दुकानात प्रयोग करायचे. आधी साध्या काचेच्या बाटलीपासून त्याने घर्षणाने वीज तयार करणारं यंत्र बनवलं, मग पैसे जमल्यावर चांगला काचेचा सिलिंडर आणला. १८१२ च्या उन्हाळ्यात त्याने बॅटरी केली. जस्ताच्या पत्र्यातून हाफपेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या स्वतः कापल्या, प्रत्येकीवर तांब्याचं खरं हाफपेनी ठेवलं आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. झाली बॅटरी! या छोट्याशा बॅटरीनेच त्याने एप्सम सॉल्टचं द्रावण विजेने फोडून दाखवलं. बेंजामिन अॅबट या मित्राला त्याने हे सगळं इतक्या आनंदाने लिहून कळवलं, की दोनशे वर्षांनंतर वाचतानाही आपल्याला हसू फुटतं.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. फॅरेडे स्वतः शिकला म्हणजे एकटा शिकला असं आपण समजतो. ते खरं नाही. टॅटम नावाचे गृहस्थ संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यानं द्यायचे. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा आणि तो द्यायचा मायकेलचा थोरला भाऊ रॉबर्ट. तोही लोहारच! त्याच वर्षी, म्हणजे १८१० मध्ये, वडील वारले होते. अशा घरातून निघालेला तो शिलिंग होता. रिबोकडे मास्करिए नावाचा एक चित्रकार भाड्याने राहायचा. मायकेल त्याच्या खोलीची झाडलोट करायचा, बूट पुसायचा आणि बदल्यात त्याच्याकडून चित्रकला शिकायचा, म्हणजे व्याख्यानातल्या यंत्रांच्या आकृत्या नीट काढता याव्यात! ड्रॉइंगच्या शीट्स कंटाळत काढणाऱ्या आपण सगळ्यांनी हे वाचून जरा विचार करायला हरकत नाही...

१८१२ मध्ये रिबोच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा विज्ञानातला हिरोच. दोन हजार प्लेट्सच्या प्रचंड बॅटरीला कोळशाचे दोन तुकडे जोडून त्यांच्यामध्ये डोळे दिपवणारी ठिणगी सतत पेटती ठेवणारा. त्यालाच आपण आर्क म्हणतो. आपण वेल्डिंगला रॉड टेकवून उचलतो तेव्हा पेटतो तो हाच.

फॅरेडेने व्याख्यानांच्या नोट्स घेतल्या, घरी येऊन त्या सविस्तर लिहून काढल्या, आकृत्या काढल्या, स्वतः बाइंडिंग केलं आणि तो जाडजूड ग्रंथ नोकरीच्या विनंतीसह डेव्हीकडे पाठवला. (त्याआधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तरच आलं नाही.) डेव्हीने भेट दिली, पण जागा नाही, बाइंडिंगचा धंदा सोडू नकोस, असा सल्लाही दिला. पुढे डेव्हीच्या मदतनिसाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकलं आणि मार्च १८१३ मध्ये फॅरेडेला ती जागा मिळाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग, वर राहायला दोन खोल्या.

काम सुखाचं नव्हतं. नायट्रोजन आणि क्लोरीनच्या एका स्फोटक संयुगाने आधीच डेव्हीच्या डोळ्याला इजा केली होती. काही आठवड्यांतच त्याच पदार्थाच्या स्फोटात फॅरेडेच्या हाताला लागलं. चेहऱ्यावर काचेचा मुखवटा होता म्हणून डोळे वाचले. शॉपमध्ये शील्ड न घेता नुसत्या डोळ्यांनी आर्ककडे बघणाऱ्या हिरो मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं. आर्कमधल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांना तुमची स्टाइल कळत नाही.

पुढच्या वर्षांत फॅरेडेने काय काय केलं! स्टोडार्ट या चाकू-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर भट्टी पेटवून पोलादात चांदी, प्लॅटिनम, निकेल मिसळून पाहिलं. १८२१ मध्ये वीज वाहणारी तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. म्हणजे पहिली मोटर! पण त्यावरूनच त्याच्यावर वॉलस्टन या मोठ्या शास्त्रज्ञाची कल्पना उचलल्याचा आळ आला. १८२४ साली तो रॉयल सोसायटीवर निवडून आला तेव्हा विरोध करणाऱ्यांत खुद्द डेव्ही होता. आपल्या हाताखालचा पोऱ्या आपल्या बरोबरीला बसतोय, हे बहुतेक गुरूला पचलं नसावं. फॅरेडे मात्र डेव्हीबद्दल शेवटपर्यंत आदरानेच बोलत राहिला.

आणि मग आला २९ ऑगस्ट १८३१. त्या दिवशी फॅरेडेच्या टेबलावर मऊ लोखंडाची एक कडी होती. सहा इंच व्यासाची, सात अष्टमांश इंच जाड. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट इथे आहे. ही कडी वेल्ड केलेली होती! लोखंडाचा गोल बार वाकवून त्याची टोकं जोडलेली. तेव्हा इलेक्ट्रिक वेल्डिंग कुठलं असायला? भट्टीत तापवून, घणाखाली सांधायचं. म्हणजे फॅरेडेच्या वडिलांचंच काम. लोहाराच्या मुलाने ट्रान्सफॉर्मरचा शोध लावला तो लोहारी सांध्यावर!

त्या कडीच्या दोन बाजूंवर त्याने तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली. इन्सुलेटेड वायर आपल्यासारखी दुकानात मिळत नव्हती. म्हणून वेढ्यांच्या मध्ये सुतळी आणि थरांच्या मध्ये सुती कापड. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूच्या तारेजवळ चुंबकसुई. बॅटरी जोडली, सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालू असेपर्यंत काही नाही. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली, पण उलट्या दिशेने. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, धक्का लागला असेल. फॅरेडेला कळलं की वीज नुसती वाहून भागत नाही, ती बदलत असली पाहिजे.

आपला वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर म्हणजे हीच कडी. ए. सी. सतत बदलत असतो म्हणून सुईचा तो एक झटका इथे अखंड चालतो. एका बाजूला बारीक तारेचे पुष्कळ वेढे, दुसऱ्या बाजूला जाड तारेचे थोडे. व्होल्टेज उतरतं, करंट शंभर-दीडशे अँपियरपर्यंत चढतो आणि लोखंड वितळतं. १८८६ साली एलिहू थॉमसनने अमेरिकेत ट्रान्सफॉर्मरच्या करंटने धातू सांधायची पद्धत आणली, तेव्हा फॅरेडे जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

गणित मात्र त्याला शेवटपर्यंत आलं नाही. त्याच्या लेखनात समीकरणं जवळजवळ नाहीतच. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकून दिसणाऱ्या रेषांवरून तो विचार करायचा. त्या रेषांना गणिताची भाषा पुढे मॅक्सवेलने दिली. एम-थ्रीने घायाळ झालेल्यांनी यावरून लगेच खूश होऊ नये! गणिताची उणीव फॅरेडेने अफाट कष्टांनी भरून काढली. १८३२ पासून तो प्रयोगाच्या नोंदींना नंबर घालू लागला आणि १८६० पर्यंत ते १६,०४१ वर पोचले. फसलेले प्रयोगसुद्धा त्याच वहीत, तेवढ्याच नीट अक्षरात. आणि आपण ‘एक्स्पेक्टेड व्हॅल्यू’ बघून रीडिंग्ज लिहितो...

मोठा झाल्यावर त्याने सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. लहान मुलांसाठी नाताळात व्याख्यानं द्यायला मात्र नाही म्हटलं नाही. अशा एकोणीस व्याख्यानमाला त्याने दिल्या, त्यातली एक साध्या मेणबत्तीवर! २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली त्याला पुरलं आहे.

आजकाल बरेच जण छोटं वेल्डिंग मशीन आणून घरीच शिकतात. आपल्यापैकीही काही जण शिकत असतील. चांगलंच आहे. पण फॅरेडेसारखं शिकायचं तर चार गोष्टी लागतात. खिशाला परवडेल तेवढ्यानेच सुरुवात करायची. जे बिघडलं तेही वहीत लिहायचं. ज्याला येतं त्याच्याकडे जाऊन, प्रसंगी त्याचे बूट पुसून, विचारायचं. आणि तोंडावर मुखवटा घ्यायचा!

गॅरेजमधला, फॅब्रिकेशनच्या दुकानातला आपल्याच वयाचा मुलगा आपल्यापेक्षा सरळ बीड ओढतो. त्याच्या हातात जे आहे ते आपल्या हातात नाही, आणि आपल्या पुस्तकात जे आहे ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. फॅरेडेच्या अंगी ही दोन्ही माणसं होती. आपल्यालाही निदान एकमेकांशी बोलायला काय हरकत आहे?