पतंगाचा माग काढणारा मास्तर

शेतकरी बंधूंनो, टोमॅटोच्या नाहीतर हरभऱ्याच्या प्लॉटमध्ये काठीला बांधलेला, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी लोंबणारा कामगंध सापळा आता जुन्नर-आंबेगावात कुणाला नवा राहिलेला नाही. त्याच्या टोपीखाली एक लहानशी गोळी असते. तिला आपण ल्युअर म्हणतो. नाकाशी धरली तरी आपल्याला तिचा खास असा वास येत नाही. पण सकाळी पिशवीत पतंग सापडतात आणि ते सगळे नर असतात. आपल्याला न कळणारा हा वास पतंगाला कसा कळतो? शंभराहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या मास्तरांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचं नाव झाँ आन्री फाब्र. त्यांची आज ओळख करून घेऊ, कारण त्यांनी जे पाहिलं त्यावरच आपल्या सापळ्याचा पाया उभा आहे.

शेतकऱ्याचं पोर

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधील सँ-लेऑन या गावी झाला. घरची गरिबी होती. लहानपणाची काही वर्षे ते डोंगराळ मुलखात आजी-आजोबांच्या शेतावर राहिले. तिथे गुराढोरांच्या आणि बदकांच्या मागे फिरता फिरता किड्यांकडे बघायची सवय लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. वडिलांनी शेती सोडून शहरात धंदा करून पाहिला, पण तो बसला. मग पोराला जत्रेत लिंबं विकावी लागली, रेल्वेच्या कामावर मजुरीही करावी लागली. पुढे आव्हिन्यों येथील अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते कार्पान्त्रास गावी शिक्षक झाले. पगार वर्षाला ७०० फ्रँक. त्यात भागत नसे, पण नोकरी करता करता गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन यांचा अभ्यास त्यांनी स्वतःच केला.

१८५५ मध्ये शिकारी गांधीलमाशीवरचा त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि विद्वानांचं लक्ष या मास्तराकडे गेलं. डार्विननेही पुढे त्यांच्या निरीक्षणाची वाखाणणी केली. १८६५ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाची चौकशी करायला निघालेले लुई पाश्चर फाब्र यांना भेटायला आले. पाश्चर यांनी तोवर रेशमाचा कोषही हाताळला नव्हता. आत काय असतं ते फाब्र यांनी त्यांना दाखवलं. पुढे त्याच पाश्चरांनी रेशीम उद्योग वाचवला.

फाब्र यांच्या वाट्याला मात्र सुख आलं नाही. मंजिष्ठाच्या जातीच्या एका झाडाच्या मुळापासून शुद्ध रंग काढण्याची कृती त्यांनी मोठ्या मेहनतीने बसवली होती. चार पैसे मिळतील अशी आशा होती. तेवढ्यात कारखान्यात तयार झालेला कृत्रिम रंग बाजारात आला आणि सगळे कष्ट वाया गेले. पीक हाताशी आल्यावर बाजार पडला की काय वाटतं, हे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढे मोफत वर्गात मुलींना फुलांमधलं परागीभवन शिकवलं म्हणून गावातल्या सनातनी मंडळींनी ओरड केली, घरमालकांनी घर सोडायला लावलं. अशा वेळी त्यांचे मित्र, इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी ३,००० फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहून संसार चालवला आणि कर्जही फेडलं.

पडीक माळ विकत घेतला

१८७९ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी सेरिन्यँ गावाबाहेर हेक्टरभर जमीन घेतली. जमीन कसली, निव्वळ दगडगोट्यांचा, काट्याकुसळांचा माळ! त्या भागात अशा पडीक रानाला ‘आर्मास’ म्हणतात, तेच नाव त्यांनी घराला ठेवलं. पीक येत नाही म्हणून लोकांनी टाकलेली ती जमीन किड्यांना मात्र नंदनवन होती. फाब्र यांना तेच हवं होतं. त्याच वर्षी त्यांच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड निघाला. १९०७ पर्यंत असे दहा खंड झाले.

इथेच एका वर्षी ६ मेच्या सकाळी ‘मोठा मोर’ नावाच्या पतंगाची मादी कोषातून बाहेर आली. वीतभर पंख पसरणारा हा पतंग आहे. आपल्या सह्याद्रीच्या जंगलातला ॲटलास पतंग त्याच घराण्यातला. फाब्र यांनी ती मादी जाळीच्या टोपाखाली ठेवून दिली. रात्री नऊच्या सुमाराला धाकट्या पॉलने आरडाओरडा केला. जाऊन बघतात तो घरभर पाखरांएवढे पतंग! काळोखी, वादळी रात्र, घराभोवती दाट झाडी, तरी चाळीसेक नर त्या एका मादीसाठी आले होते. आठ रात्रींत हा आकडा दीडशेच्या घरात गेला. या पतंगाची अळी त्या भागात जुन्या बदामाच्या झाडांवर वाढते आणि अशी झाडं तिथे थोडीच होती. म्हणजे नर लांबून आले होते.

फाब्र रोज मादीची जागा बदलत. नर तरीही तिला शोधत. मादी घट्ट बंद डबीत ठेवली की एकही नर येत नसे, फट ठेवली की लगेच येत. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा उग्र दर्प केला, तरी नर चुकले नाहीत. पुढे दुसऱ्या जातीच्या पतंगावर त्यांनी आणखी एक नामी प्रयोग केला. मादीला काचेखाली अगदी नजरेसमोर ठेवलं आणि ती रात्रभर जिथे बसली होती तो रिकामा पिंजरा कोपऱ्यात ठेवला. नर मादीजवळून सरळ निघून गेले आणि रिकाम्या पिंजऱ्यावर झुंबडले! म्हणजे डोळ्यांचा इथे संबंध नव्हता. मादीच्या अंगातून काहीतरी निघून वस्तूला लागत होतं, आणि ते माणसाच्या नाकाला कळत नव्हतं.

त्यांचा एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. नराच्या मिशा (शृंगिका) कापल्या तर तो परत येतो का, हे त्यांनी पाहिलं. फार थोडे परतले. दुसरा कुणी असता तर मिशांनीच वास कळतो असं जाहीर करून मोकळा झाला असता. फाब्र यांनी तसं केलं नाही. त्यांनी आणखी काही नर घेतले, त्यांच्या मिशा शाबूत ठेवल्या, अंगावरची थोडी लव कातरून नुसती खूण केली. तेही फारसे परतले नाहीत, कारण या पतंगाला खायला तोंडच नसतं, दोन-तीन दिवसांचंच त्याचं आयुष्य. म्हणून मिशांचा निकाल त्यांनी राखून ठेवला. नव्या औषधाचा गुण पाहताना चार ओळी बिनफवारणीच्या ठेवा असं आम्ही सांगतो, ते याचसाठी.

पुढे काय कळले

वयाच्या उत्तरार्धात फाब्र यांना मान मिळाला. १९१० मध्ये त्यांचा जाहीर सत्कार झाला, १९१३ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष घरी येऊन गेले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, ९१ व्या वर्षी, ते वारले. तो वास नेमका कसला, याचा उलगडा त्यांच्या हयातीत झाला नाही. १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीम पतंगांच्या माद्यांपासून काही मिलिग्रॅम कामगंध वेगळा काढला, तेव्हा कोडं सुटलं. नराच्या पिसासारख्या मिशांवर बारीक केस असतात. रेशीम पतंगात हा वास ओळखणारे केस सुमारे १७,००० भरतात. केसाला सूक्ष्म छिद्रं असतात. वासाचा कण आत शिरला की कुलपात किल्ली बसावी तसा बसतो आणि मेंदूला वर्दी जाते. डांबराची गोळी या कुलपाची किल्ली नव्हे, म्हणून नर फसले नाहीत. वर्दी मिळालेला नर वाऱ्याच्या उलट दिशेने, नागमोडी उडत वासाच्या उगमाकडे जातो.

भारताचाही यात वाटा आहे. बिहारमध्ये पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ मध्ये दाखवलं, की ज्या सिट्रोनेला तेलाने डास पळतात त्याच तेलाकडे फळमाशीचे नर धावत येतात. एकच वास एकाला नकोसा, दुसऱ्याला हवासा! त्यातूनच पुढे मिथाईल युजेनॉल हाती आलं. ते आपल्या तुळशीतही असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आंब्यासाठीचा ‘रक्षक’ सापळा याच द्रव्यावर चालतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांना वास कसा कळतो याचा आनुवंशिक शोध घेतला.

आपल्या शिवारात काय करायचे

आता कामाचं. टोमॅटोवरची टुटा ही नागअळी २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती पुणे परिसरातच. तेव्हापासून फवारण्या वाढल्या आणि खर्चही वाढला. सापळ्याने फवारणी आपोआप थांबत नाही, पण ती कधी करायची ते कळतं. त्यासाठी एवढं ध्यानात ठेवा:

कुलूप तशी किल्ली. घाटेअळीला हेलिल्युअर, वांग्यावरच्या शेंडेअळीला ल्युसिल्युअर, वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला क्यू ल्युअर. दुकानदाराला नुसतं ल्युअर द्या म्हणू नका, किडीचं आणि पिकाचं नाव सांगा. एका किडीचा ल्युअर हाताळून त्याच हाताने दुसरा लावू नका, वास मिसळतो.

वास संपला की सापळा म्हणजे नुसती पिशवी. पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे, साधारण तीन-चार आठवड्यांनी, ल्युअर बदला. अनेक प्लॉटमध्ये लागणीच्या वेळचा ल्युअर तोडा संपेपर्यंत लटकत असतो.

सापळा पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर ठेवा, पीक वाढेल तसा उचला. नजर ठेवण्यासाठी हेक्टरी ५ सापळे पुरतात. पतंग रोज मोजून वहीत लिहा. हरभऱ्यात सलग तीन दिवस सापळ्यामागे ८ ते १० पतंग आले, तर घाटेअळीच्या बंदोबस्ताची वेळ झाली असे समजा.

मादी अंडी कुठे घालायची तेही बऱ्याच अंशी वासावरून ठरवते. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ घ्या. रोप टोमॅटोचं २५ दिवसांचं आणि झेंडूचं ४५ दिवसांचं असावं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात आणि घाटेअळीची मादी झेंडूकडे वळते. निंबोळी अर्कामुळे ती अंडी घालायला कचरते.

शेवटी सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या मंडळींना विनंती. सापळ्यात फक्त नर सापडतात. शेजारच्या रानात फळलेली मादी बांध ओलांडून येतेच. आंब्याच्या आणि काकडी-कारल्याच्या फळमाशीला तर एकट्याच्या सापळ्याने बांध बसत नाही. म्हणून हंगामाआधी ग्रामसभेत विषय घ्या, गाव मिळून ल्युअर एकदम आणा आणि सगळ्या शिवारात एकाच आठवड्यात लावा. पडलेली, किडकी फळं रोज गोळा करून खड्ड्यात पुरा. फाब्र मास्तरांकडे सूक्ष्मदर्शकही साधाच होता, पण ते रोज पाहत आणि रोज लिहून ठेवत. वही आणि पेन्सिल तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.