चांदीच्या गावातील शिक्षिका

ऑस्ट्रेलियात शिकायला वा नोकरीला गेलेल्या मराठी तरुणाच्या हाती दहा डॉलरची नोट सहज पडते. तिच्या एका बाजूस बँजो पॅटरसन हे कवी आहेत आणि दुसऱ्या बाजूस एक स्त्री. १९९३ साली या नोटेवर तिला प्रथम स्थान मिळाले आणि २०१७ साली आलेल्या नव्या नोटेवरही ते कायम राहिले. ही स्त्री म्हणजे कवयित्री आणि पत्रकार मेरी गिल्मोर. राणी, राज्यकर्ते आणि सेनापतींना मिळणारा हा मान एका शाळाशिक्षिकेच्या वाट्याला कसा आला, याचे उत्तर शोधू लागले की सिडनी-मेलबर्नसारख्या शहरांपासून फार दूर, ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत अंतर्भागातील सिल्व्हर्टन नावाच्या खाणगावापर्यंत जावे लागते.

मेरी जीन कॅमेरॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६५ रोजी न्यू साऊथ वेल्समधील गोलबर्न शहराजवळ झाला. वडील डोनाल्ड कॅमेरॉन हे स्कॉटलंडहून आलेले. काम मिळेल तिकडे बिऱ्हाड हलवायचे, हा घरचा शिरस्ता होता. त्यामुळे मेरी यांचे शिक्षण तुटक झाले. तरीही वाचनाची गोडी आणि तल्लख बुद्धी यांच्या बळावर किशोरवयातच त्या शाळेत उमेदवार शिक्षिका म्हणून काम करू लागल्या. वॅगा वॅगा आणि आसपासच्या शाळांत शिकवीत त्यांनी शिक्षकीच्या परीक्षा दिल्या. मध्यमवर्गीय घरातील मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी त्या काळी जे मोजके मार्ग खुले होते, त्यांपैकी हा एक होता.

डिसेंबर १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांची नेमणूक सिल्व्हर्टनच्या सरकारी शाळेत साहाय्यक शिक्षिका म्हणून झाली. सिडनीपासून हे गाव हजार किलोमीटरहून अधिक दूर. पावसाचे प्रमाण अत्यल्प, उन्हाळा जीवघेणा आणि सभोवार लाल मातीचा ओसाड प्रदेश. चांदीचे खनिज सापडल्यामुळे १८८० नंतरच्या दोन-चार वर्षांत तेथे बघता बघता तीन हजारांच्या आसपास वस्ती उभी राहिली होती. १८८३ साली जवळच ब्रोकन हिल येथे चांदी, शिसे आणि जस्ताचा त्याहून कितीतरी मोठा साठा हाती लागला आणि १८८५ साली ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही खाणकंपनी स्थापन झाली. पुढे हीच कंपनी बीएचपी या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली.

त्या चांदीची किंमत कोण चुकवीत होते, हे तरुण शिक्षिकेला रोज दिसत होते. खाणीतील आणि वितळभट्ट्यांतील शिशाची धूळ कामगारांच्या शरीरात भिनत असे. पाण्याचे दुर्भिक्ष असे आणि अस्वच्छतेमुळे साथी पसरत. १८८८ साली ब्रोकन हिलमध्ये विषमज्वराने थैमान घातले. कर्ता पुरुष खाणीत दगावला किंवा अपंग झाला, की त्याच्या बायकोमुलांचा वाली कोणी नसे. वर्गात समोर बसणारी मुले अशाच घरांतून येत होती.

दुसरीही एक गोष्ट त्यांना येथे पाहायला मिळाली. या भागातील खाणकामगारांनी १८८४ साली सिल्व्हर्टनमध्येच आपली संघटना उभारली होती. एकट्याने मालकापुढे उभे राहणारा मजूर हतबल असतो आणि एकजुटीने उभे राहिलेल्या मजुरांची दखल घ्यावी लागते, हा धडा मेरी यांनी पुस्तकात वाचण्याआधी या गावात घेतला. त्यांच्या समाजवादी विचारांचा पाया येथे घातला गेला आणि त्यांचे काव्यलेखनही येथेच सुरू झाले. ऑक्टोबर १८८९ मध्ये त्यांनी सिल्व्हर्टन सोडले, तेव्हा गावाला उतरती कळा लागलेली होती. ब्रोकन हिलच्या ओढीने माणसे निघून जात होती आणि कित्येकांनी घरेदेखील उचलून गाड्यांवरून तिकडे नेली.

सिडनीत आल्यावर मेरी शाळेत शिकवीत राहिल्या, मात्र मन कामगार चळवळीत गुंतले होते. १८९० चा गोदी आणि जहाज कामगारांचा संप, त्यानंतर लोकर कातरणाऱ्या मजुरांचे संप आणि १८९२ साली जुलै ते नोव्हेंबर चाललेला ब्रोकन हिलच्या खाणकामगारांचा संप या सर्वांत कामगारांचा पराभव झाला. ब्रोकन हिलच्या पुढाऱ्यांना तर तुरुंगवास भोगावा लागला. याच काळात कथाकार आणि कवी हेन्री लॉसन यांच्याशी मेरी यांचा निकटचा स्नेह जुळला. या दिवसांविषयी मेरी यांनी उतारवयात बरेच लिहिले. त्यातील काही गोष्टींना, विशेषतः भावाच्या नावाने आपण कामगार संघटनेच्या कार्यकारिणीवर होतो या त्यांच्या सांगण्याला, कागदोपत्री आधार मिळत नाही, हेही नमूद करायला हवे.

लागोपाठच्या पराभवांनी खचलेल्या काही कामगारांना पत्रकार विल्यम लेन यांनी एक स्वप्न दाखविले. दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशात जमीन घेऊन समतेवर आधारलेली वसाहत वसवायची, हे ते स्वप्न. १८९३ साली पहिले जहाज सिडनीहून निघाले. तेथे लवकरच फूट पडली आणि लेन यांनी १८९४ साली कॉस्मे नावाची दुसरी वसाहत स्थापली. मेरी यांनी १८९५ च्या अखेरीस कायम नोकरीवर पाणी सोडले आणि एकट्याने तो लांबचा प्रवास केला. कॉस्मेमध्ये त्यांनी मुलांना शिकविले. १८९७ साली विल्यम गिल्मोर या लोकर कातरणाऱ्या कामगाराशी त्यांचा विवाह झाला आणि पुढल्या वर्षी त्यांना मुलगा झाला.

कॉस्मेचे स्वप्न फार काळ टिकले नाही. कष्ट अमाप, उत्पन्न तुटपुंजे आणि माणसामाणसांतील कुरबुरी वाढत्या. समतेची भाषा बोलणाऱ्या या वसाहतीची दारे गौरवर्णीयांखेरीज इतरांना बंद होती, हे तिचे मूळचेच वैगुण्य होते. १८९९ साली गिल्मोर कुटुंबाने वसाहत सोडली. परतीच्या भाड्यासाठी पैसे साठविण्यात आणखी दोन-तीन वर्षे गेली. पती पॅटागोनियात मजुरी करीत आणि मेरी तेथे इंग्रजीच्या शिकवण्या घेत. १९०२ साली ते मायदेशी परतले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला, मात्र बहुतांश आदिवासी स्त्री-पुरुषांना त्यातून वगळण्यात आले.

व्हिक्टोरिया प्रांतातील एका शेतीवाडीवर संसार करीत असताना, १९०८ साली, मेरी यांनी कामगार संघटनेच्या ‘वर्कर’ या पत्राच्या संपादकांकडे स्त्रियांसाठी स्वतंत्र पान सुरू करण्याची मागणी केली. ते पान त्यांनीच लिहावे, असे उत्तर आले आणि पुढे १९३१ पर्यंत त्यांनी ते चालविले. सिल्व्हर्टनमध्ये पाहिलेल्या बायकामुलांना वृत्तपत्रात हक्काची जागा मिळाली, ती या पानावर. स्वयंपाक आणि बालसंगोपनाच्या माहितीशेजारीच वृद्धांचे व अपंगांचे निवृत्तिवेतन, मुलांसाठी भत्ता, युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे हाल आणि आदिवासींवरील अन्याय या विषयांवर त्या सातत्याने लिहीत राहिल्या. खाणीतल्या किंवा कुरणांवरच्या मजुराच्या घरी चूल सांभाळणारी बाईदेखील राजकारणाची भागीदार आहे, अशी त्यांची धारणा होती.

१९१० साली त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये त्या मुलासह सिडनीला आल्या आणि पती क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी परिसरात भावासोबत जमीन कसण्यासाठी गेले. पुढे मुलगाही वडिलांकडे गेला. तिघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला, मात्र संसार दोन ठिकाणी विभागला गेला तो कायमचा. दरम्यान पहिल्या महायुद्धातील जीवितहानीची वेदना सांगणारा ‘द पॅशनेट हार्ट’ हा संग्रह १९१८ साली आला. १९३४ आणि १९३५ साली आलेल्या आठवणींच्या दोन पुस्तकांत त्यांनी बालपणी पाहिलेल्या-ऐकलेल्या विराजुरी आदिवासींच्या जीवनाविषयी आणि त्यांच्या कत्तलींविषयी लिहिले. हा विषय तेव्हा गोऱ्या समाजात सहसा कोणी काढत नसे. फक्त गोऱ्यांसाठी वसविलेल्या वसाहतीत समता शोधायला गेलेल्या स्त्रीने एवढा पल्ला गाठला होता.

१९३७ साली ब्रिटिश राजसत्तेने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला. साहित्यसेवेसाठी तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या होत. किताबाने त्यांची लेखणी मवाळ झाली नाही. १९५२ पासून जवळजवळ अखेरपर्यंत, पक्षाच्या सदस्य नसतानाही, त्यांनी ‘ट्रिब्यून’ या कम्युनिस्ट पत्रात सदर लिहिले. १९४५ साली पती आणि मुलगा दोघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले. त्यानंतरची सतरा वर्षे सिडनीतल्या किंग्ज क्रॉस भागातील आपल्या सदनिकेत त्या लिहीत, पत्रांना उत्तरे देत आणि येईल त्याला भेटत राहिल्या.

३ डिसेंबर १९६२ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. त्यांच्या अस्थी मात्र राजधानीत वा सिडनीत ठेवल्या गेल्या नाहीत. त्या दूर क्लॉनकरीला नेऊन पतीच्या कबरीत पुरण्यात आल्या. क्लॉनकरी हे तांब्याच्या खाणीमुळे वसलेले गाव. ज्या अंतर्भागातील एका खाणगावात त्यांची विचारांची वाटचाल सुरू झाली, त्याच अंतर्भागातील दुसऱ्या खाणगावात त्यांनी चिरविश्रांती घेतली.

सिल्व्हर्टन आज जवळजवळ ओस पडले आहे. उरलेल्या मोजक्या दगडी इमारती पाहायला प्रवासी येतात आणि १९८१ च्या ‘मॅड मॅक्स २’ चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले, म्हणून तिथे छायाचित्रे काढतात. तेथून निघालेली चांदी केव्हाच भागधारकांच्या हिशेबात जमा झाली. त्या खाणींवर राबणाऱ्यांच्या घरातील हालअपेष्टांची नोंद कंपनीच्या वहीत नव्हती. ती एका बावीस वर्षांच्या शिक्षिकेने मनात करून ठेवली आणि उरलेले आयुष्य तिच्या वसुलीसाठी वेचले.