भूमिगत लहरींची वाणी

क्रांती चौकातील वाहनांच्या रहदारीत काळ्या चबुतऱ्याची आठवण सहसा कुणाला होत नाही. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या शिपायांना तेथे देहान्ताची शिक्षा देण्यात आली होती. क्रांतीचे नाव मिरवणारी दुसरी प्रसिद्ध जागा मुंबईत आहे. ती म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदान, पूर्वीचा गवालिया टँक. या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी छोडो भारतचा ठराव झाला. त्यानंतर जवळच्याच गिरगाव, वाळकेश्वर, चौपाटी या परिसरातून एक अदृश्य लढाई लढली गेली, आणि तिचे शस्त्र होते हौशी रेडिओवाल्यांचे. तिच्या अग्रभागी बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती, उषा मेहता.

उषाबेन यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळील सरस या खेड्यात झाला. वडील ब्रिटिश अमलाखालील न्यायाधीश. घरात सरकारची चाकरी आणि मुलीच्या मनात गांधीजी, असा तो विसंवादी संसार होता. १९२८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, ती सायमन कमिशनविरोधी मिरवणुकीत सहभागी झाली. वडील १९३० मध्ये निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी कुटुंब मुंबईस आले. विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन उषाबेन कायद्याचा अभ्यास करू लागल्या. तो अभ्यास १९४२ च्या ऑगस्टमध्ये थांबला.

९ ऑगस्टच्या पहाटे बहुतेक सर्व नेते गजाआड गेले. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. देशात काय घडते आहे, हे एका जिल्ह्याला दुसऱ्या जिल्ह्याकडून कळण्याचा मार्गच उरला नाही. चळवळीच्या दृष्टीने ही खरी आणीबाणी होती. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर आणि उषाबेन या तरुणांनी तिच्यावर रेडिओचा उपाय शोधला. डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्यांना मार्गदर्शन लाभले, तर शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांचे साहाय्य.

प्रक्षेपक मात्र बाजारात मिळणारी वस्तू नव्हती. तो बांधू शकणारी माणसे म्हणजे हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर हॅम म्हणतात. हॅमला सरकारी परवाना असतो, स्वतःची कॉल साइन असते आणि संभाषणात ती सांगण्याचे बंधन असते. मोबदला घेणे, बातम्या वा गाणी प्रसारित करणे त्याला वर्ज्य. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हिंदुस्थानातील हॅमना आपली यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश दिले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे असेच एक हॅम, कॉल साइन व्हीयू२एफयू. हाताचे कसब जप्त करता येत नाही. काँग्रेस रेडिओचे यंत्र त्यांच्या कसबातून उभे राहिले.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर प्रसारण सुरू झाले. ही लांबी म्हणजे सुमारे सात मेगाहर्ट्झची कंप्रता, हौशी रेडिओवाल्यांच्या परिचयाचा चाळीस मीटरचा पट्टा. या पट्ट्यातील लहरी वरच्या वातावरणावर आदळून परततात आणि रात्री शेकडो मैलांचा पल्ला गाठतात. हॅम पहिल्यांदा आपली ओळख सांगतो. या केंद्राला मात्र ती लपवणे भाग होते. पत्ता म्हणून भारतात कुठून तरी, एवढेच सांगितले जाई. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील उठाव आणि आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूर येथील अत्याचार ही वृत्ते या केंद्राने देशाला ऐकवली. चिमूरची हकीकत छापणे वृत्तपत्रांना अशक्य झाले असताना ती ऐकवली गेली, हे मराठी वाचकाने विसरू नये.

मराठवाड्यात तेव्हा निजामाची राजवट होती. या संस्थानाचे एक रेडिओ केंद्र औरंगाबादेतही होते, जे १९५० मध्ये आकाशवाणीकडे आले. अधिकृत लहर एक सांगते आणि भूमिगत लहर दुसरे, ही परिस्थिती मराठवाड्याच्या वाचकाला नव्याने समजावून सांगायला नको.

प्रक्षेपकाचा माग काढण्याची रीत सोपी असते. दोन ठिकाणांहून लहरीची दिशा मोजायची. त्या रेषा जेथे छेदतात तेथे यंत्र. म्हणून सी व्ह्यू, रतन महाल, अजित व्हिला, लक्ष्मी भुवन, पारेख वाडी अशी बिऱ्हाडे बदलत केंद्र अखेर महालक्ष्मीच्या पॅराडाइज बंगल्यात पोहोचले. पोलिसांना अखेरचा पत्ता मिळाला तो मात्र माणसाकडून. प्रिंटर पकडले गेले आणि माफीचे साक्षीदार झाले. त्यांना नुसते फितूर म्हणून निकालात काढणे सोयीचे आहे. परंतु त्यांच्याशिवाय केंद्र निघालेच नसते, हेही तितकेच खरे.

१२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कार्यालयावर धाड पडली. उषाबेन तेथेच होत्या. पुढे काय होणार, हे ओळखूनही त्या त्या संध्याकाळी चंद्रकांत झवेरींसह प्रक्षेपणास गेल्या. वंदे मातरम्‌ची तबकडी वाजत असतानाच पोलीस दारे फोडून आत शिरले.

पुढचे सहा महिने गुप्त पोलिसांनी त्यांची चौकशी केली. परदेशी शिक्षणाचे आमिष दाखवले गेले. त्या बोलल्या नाहीत. खटल्यात, उत्तरे देण्याचे आपल्यावर बंधन आहे काय, असे त्यांनी विचारले. नाही, असे कळल्यावर एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. ज्या मुलीने अडीच महिने देशाला ऐकवले, तिचे हे मौन मला त्या प्रसारणाइतकेच मोलाचे वाटते. १९४३ मध्ये बाबूभाईंना पाच, त्यांना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले. पोलिसांनी ऐकून टिपून ठेवलेली प्रसारणे मात्र सरकारी दप्तरात सुरक्षित राहिली. आज त्या रेडिओचा मजकूर आपण वाचू शकतो तो या शत्रूच्या दक्षतेमुळेच.

येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ मध्ये सुटल्या तेव्हा प्रकृती खालावली होती. पुढे गांधीविचारावर पीएच.डी., मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन आणि मणिभवनाचे कार्य हा त्यांचा संथ उत्तरार्ध. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

हौशी रेडिओवाले दरम्यान कायद्याच्या चौकटीत परतले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दूरध्वनी बंद पडले, तेव्हा स्वयंसेवक हॅम आपली यंत्रे घेऊन लातूरकडे गेले. या वेळी त्यांना नाव लपवण्याची गरज नव्हती.

ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असूनही उषाबेन नेहमीप्रमाणे ऑगस्ट क्रांती मैदानावरील वार्षिक सोहळ्यास गेल्या. घरी परतल्या त्या थकून. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.