खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा औट्रम सावंतवाडीच्या जंगलात कशाला उतरला होता?

चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. हे नाव ज्याच्यावरून पडलं, त्या जेम्स औट्रमचा सिंधुदुर्गाशीही संबंध आहे. फक्त तिथली आठवण वेगळी आहे.

औट्रमचा जन्म १८०३ साली इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. १८१९ मध्ये तो कंपनीच्या मुंबई फौजेत आला. पेशवाई नुकतीच बुडाली होती आणि खानदेशातले भिल्ल कंपनीला जुमानत नव्हते. फौजा पाठवून उपयोग होईना, तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टनने धोरण बदललं. जे लढतायत त्यांनाच नोकरी द्यायची. १८२५ मध्ये हे काम औट्रमकडे आलं. आधी त्याने भिल्लांवर चढाई केली, मग त्यांच्यातच राहून, त्यांच्यासोबत शिकार करून विश्वास मिळवला आणि धरणगावला भिल्ल पलटण उभी केली.

पुढे अफगाण युद्ध, सिंध असं करत १८४४ साल उजाडलं.

झालं असं, की कोल्हापूर संस्थानात कंपनीने नेमलेल्या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या व्यवस्थेला हात घातला. पिढीजात जमिनी जाणार या भीतीने सामानगडावर बंड झालं आणि ते घाट उतरून सावंतवाडीत आलं. १८३८ पासून सावंतवाडीचा कारभारही कंपनीच्याच हातात होता. इथे फोंड सावंत तांबुळकर बंडात उतरले. राजपुत्र अण्णासाहेबही त्यांना मिळाले.

बंडवाल्यांकडे तीन गोष्टी होत्या. मनोहरगड, सह्याद्रीचं जंगल आणि पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा.

इथे विश्वास मिळवायला वेळ नव्हता. औट्रमने फौज घेऊन जंगल पिंजून काढलं. जानेवारी १८४५ मध्ये मनोहरगड पडला. पण गड मिळाला तरी माणसं हाती लागली नाहीत, प्रमुख मंडळी हद्द ओलांडून गोव्यात गेली.

औट्रम पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला, १८५७ च्या उठावात लखनौला लढला आणि १८६३ मध्ये फ्रान्समध्ये वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला पुरलंय.

खानदेशात त्याने लढणाऱ्यांना पगार आणि मान दिला. सावंतवाडीत लोक आपल्या जमिनी आणि राज्य परत मागत होते. ते देणं कंपनीच्या धोरणातच नव्हतं.