डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग

ज्या १४ नोव्हेंबरास आपल्या देशांत बालदिन साजरा होतो, त्याच तारखेस १८९१ सालीं कॅनडांतील ॲलिस्टन गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. पुत्रानें धर्मोपदेशक व्हावें ही मातापित्यांची इच्छा. परंतु त्यांनीं वैद्यकाची वाट धरली. पहिल्या महायुद्धांत १९१८ सालीं ते जखमी झाले. परतल्यावर थाटलेला दवाखाना मात्र चालेना.

त्या काळीं मधुमेही बालकास अर्धपोटीं ठेवून थोडे दिवस अधिक जगविणें, एवढेंच वैद्यांच्या हातीं होतें. स्वादुपिंडाच्या अर्कानें रक्तांतील साखर उतरवितां येईल, ही कल्पना घेऊन बँटिंग यांनीं १९२१ च्या मे महिन्यांत टोरांटो येथें प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत कामास आरंभ केला. साखर मोजण्याचें काम चार्ल्स बेस्ट या तरुण सहकाऱ्याकडे होतें. यशापयशाचा सारा निवाडा त्या मोजणीवरच! म्हणून बेस्ट यांच्या कामांत ढिलाई दिसतांच बँटिंग यांनीं त्यांस खडसावून जुनीं द्रावणें फेकावयास व कांचपात्रें नव्यानें धुवावयास लाविलीं. आम्हांस हा प्रसंग १९२३ च्या नोबेल पारितोषिकाहूनही मोलाचा वाटतो.

११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास अर्क टोचला. शंभर मिलिलिटर रक्तांतील साखर ४४० मिलिग्रॅमवरून ३२० वर आली. एवढ्यानें भागणार नव्हतें, हेंही आंकड्यांनींच सांगितलें. कॉलिप यांनीं अर्क अधिक शुद्ध केला. २३ तारखेस तो टोचल्यावर साखर ५२० वरून १२० वर उतरली. तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला.

तेव्हां ही मोजणी प्रयोगशाळेंतच होई. आज आमच्या बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयापासून दूरच्या खेड्यांतही, बोटाच्या थेंबावर ग्लुकोमीटर कांहीं सेकंदांत आंकडा दाखवितो. तो मात्र तंतोतंत नसतो. खरी साखर २०० असतां यंत्रानें १७० वा २३० दाखविली, तरी आंतरराष्ट्रीय मानकानें तें नापास ठरत नाहीं. त्यांत बोटास बालाघाटच्या सीताफळाचा गर लागलेला असेल, तर आंकडा फुकाच चढतो. रक्तक्षयाच्या रोग्यांतही तो चढाच येतो. उन्हाळ्यांत तापलेल्या पट्टीचा तर भरंवसाच नाहीं. अशा खोट्या आंकड्यावर इन्शुलिन टोचल्यास साखर घसरून रोगी बेशुद्ध पडतो, क्वचित् प्राणासही मुकतो. हात साबणानें धुऊन कोरडे करण्यास तर पैही पडत नाहीं!

इन्शुलिनचे हक्क बँटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रत्येकी एका डॉलरास विद्यापीठास देऊन टाकिले होते. २१ फेब्रुवारी १९४१ रोजीं, दुसऱ्या महायुद्धाच्या कामानिमित्त इंग्लंडास जात असतां न्यूफाउंडलंडांत विमान कोसळून बँटिंग निवर्तले. त्यांचें वय अवघें ४९ होतें.