कामगारांना गप्प करायला आणलेली पेन्शन बिस्मार्कलाच पुरून उरली

रिटायरमेंटचं वय ६५ कुणी ठरवलं, हे इंटरनेटवर शोधायला गेलं की एक किस्सा हमखास समोर येतो. जर्मनीचा चॅन्सलर ओटो फॉन बिस्मार्क तेव्हा ६५ वर्षांचा होता, म्हणून त्यानं तेच वय ठरवून टाकलं. किस्सा भारी आहे, पण खोटा आहे. पेन्शनचा कायदा आला १८८९ मध्ये, तेव्हा बिस्मार्क ७४ वर्षांचा होता आणि कायद्यात वय होतं ७०. ते ६५ वर आलं १९१६ मध्ये. तोवर बिस्मार्कला जाऊन १८ वर्षं झाली होती.

खरी गोष्ट या किश्श्याहून जास्त इंटरेस्टिंग आहे. सरकारी नोकर आणि सैनिकांना पेन्शन आधीपासून मिळायची. पण कारखान्यातला मजूर, शेतावरचा गडी, घरकाम करणारी बाई यांना म्हातारपणी किंवा अपंगत्व आल्यावर पैसे मिळतील, अशी कायद्यानं हमी देणारा पहिला देश जर्मनी. आणि ती देणारा माणूस कामगारांचा कैवारी वगैरे अजिबात नव्हता.

बिस्मार्कचा जन्म १ एप्रिल १८१५ चा, प्रशियातल्या शोनहाउझेन गावचा. वडील युंकर, म्हणजे तिथले पिढीजात जमीनदार. आई शिकलेल्या, सरकारी अधिकाऱ्यांच्या घराण्यातली. पोरगं शिकून मोठा अधिकारी होईल ही तिची इच्छा. बिस्मार्क कायदा शिकला, आखेनला सरकारी नोकरीला लागलाही. पण तिथं कर्ज करून ठेवलं, एका इंग्लिश मुलीच्या मागं महिनोन् महिने गायब झाला आणि शेवटी नोकरीवर पाणी सोडून शेती बघायला पोमेरेनियात परतला. जमीनदार म्हणून काढलेली ही वर्षं महत्त्वाची आहेत. मालकानं हुकूम द्यायचा, गड्यानं तो पाळायचा आणि गडी म्हातारा झाला की मालकानं त्याला सांभाळायचं, हे जग त्यानं जवळून पाहिलं. पुढं सगळा देश त्याला असाच चालवायचा होता.

राजकारणातली त्याची कामगिरी शाळेच्या पुस्तकात असते, त्यामुळं थोडक्यात. १८६२ मध्ये तो प्रशियाचा पंतप्रधान झाला. डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स अशी तीन युद्धं जिंकली. जानेवारी १८७१ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि बिस्मार्क त्याचा चॅन्सलर बनला.

बाहेरचे शत्रू संपले, पण घरातच नवं आव्हान उभं राहत होतं. कारखाने वाढले तशी गावाकडची माणसं शहरात आली. गावात निदान भाऊबंद होते, शहरात यंत्रात हात गेला की माणूस रस्त्यावर. ही माणसं समाजवादी पक्षाकडे वळायला लागली. १८७८ च्या मे आणि जून महिन्यात कैसर पहिल्या विल्हेल्मवर दोनदा गोळीबार झाला, दुसऱ्या वेळी ८१ वर्षांचा कैसर गंभीर जखमी झाला. पक्षानं हे हल्ले घडवले असं काही सिद्ध झालं नाही. पण बिस्मार्कला कारण मिळालं. ऑक्टोबरमध्ये त्यानं समाजवाद्यांच्या संघटना, सभा, पेपर सगळ्यांवर बंदी आणली.

नुसत्या बंदीनं हे मिटणार नाही, एवढं त्यालाही कळत होतं. मग डाव असा ठरला की ज्या कामगाराला सरकारकडून म्हातारपणी पैसे मिळणार आहेत, तो सरकार उलथवायला कशाला जाईल? नोव्हेंबर १८८१ मध्ये कैसरचा संदेश राईशस्टागमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, वाचला गेला. त्यात आजारपण, अपघात, अपंगत्व आणि म्हातारपण या सगळ्यांसाठी कायदे करायचं जाहीर झालं.

पुढं जे झालं ते बिस्मार्कच्या मनासारखं नव्हतं, आणि इथंच खरी गंमत आहे. त्याला ही मदत सरकारी तिजोरीतून द्यायची होती. कामगाराच्या खिशातून काही जाऊ नये, म्हणजे त्याला उपकार सरकारचेच वाटतील. त्यासाठी पैसा उभा करायला तंबाखूचा सगळा धंदा सरकारच्या हातात घ्यायचा, असा त्याचा प्लॅन होता. १८८२ मध्ये राईशस्टागनं तो उडवून लावला.

१८८३ मध्ये आजारपणाचा विमा आला. त्यात दोन तृतीयांश हप्ता कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. १८८४ चा अपघात विमा पूर्णपणे मालकांच्या पैशांवर. राहता राहिली पेन्शन. तिच्यावर २४ मे १८८९ ला मतदान झालं आणि ती १८५ विरुद्ध १६५ अशी जेमतेम २० मतांनी पास झाली. विरोध दोन्हीकडून होता. उदारमतवाद्यांच्या मते सरकार माणसाच्या खासगी आयुष्यात घुसत होतं. समाजवाद्यांच्या मते ही रक्कम म्हणजे थट्टा होती. कामगारांना शांत करायला निघालेला हा कायदा मंजूर होत होता, त्याच महिन्यात रूरच्या खाणींमधले हजारो कामगार संपावर होते.

१ जानेवारी १८९१ पासून कायदा लागू झाला. वर्षाच्या कमाईप्रमाणे कामगारांचे चार वर्ग केले. सगळ्यात खालच्या वर्गाला आठवड्याला १४ फेनिग, वरच्याला ३० फेनिग. निम्मे कामगारानं भरायचे, निम्मे मालकानं. प्रत्येक पेन्शनमागं सरकार वर्षाला ५० मार्क घालणार. बिस्मार्कच्या मूळ कल्पनेतलं एवढंच शिल्लक राहिलं. हप्ता भरला की कार्डावर तिकीट चिकटवायचं, म्हणून लोक त्याला चिकटवाचिकटवीचा कायदा म्हणून चिडवायचे.

मिळायचं किती? ७० वर्षं पूर्ण झाल्यावर खालच्या वर्गाला वर्षाला साधारण १०६ मार्क, वरच्याला १९१. ज्या खालच्या वर्गाला १०६ मार्क मिळायचे, त्याची वर्षाची कमाई ३५० मार्कांपर्यंत धरलेली होती. म्हणजे एवढ्यावर घर चालणं शक्यच नव्हतं. ही पेन्शन मुलाच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्याला ओझं होऊ न देण्यापुरती होती. विधवांना तर काहीच नव्हतं. त्यांचा विचार १९११ मध्ये झाला, तोही स्वतः काम करू न शकणाऱ्या विधवांपुरताच.

पण या कायद्याचा खरा आधार म्हातारपणाची पेन्शन नव्हतीच. सत्तरीपर्यंत पोचणारे मजूर थोडे. अंग झिजल्यामुळं किंवा आजारानं त्याआधीच हातपाय थकलेले मजूर मात्र भरपूर. अपंगत्वाच्या पेन्शनला वयाची अट नव्हती, पाच वर्षांचे हप्ते पुरायचे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अपंगत्वाची पेन्शन घेणारे हे म्हातारपणाची घेणाऱ्यांच्या कितीतरी पट होते.

याचा एक परिणाम बिस्मार्कनं कल्पनाही केली नसेल असा झाला. कामगाराला तरुणपणीच अपंग करणारा सगळ्यात मोठा आजार होता क्षय. आता प्रत्येक रुग्णाला वर्षानुवर्षं पेन्शन देणं विमा संस्थांना महाग पडायला लागलं. मग त्यांनी साठलेल्या हप्त्यांच्या पैशातून क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम उभी केली, कामगारांच्या घरांना कर्जं दिली. माणूस आजारी पडल्यावर पैसे द्यायची हमी घेतली की त्याला आजारी पडू न देण्यात देणाऱ्याचाच फायदा असतो, हे हिशेबाच्या वहीनं त्यांना शिकवलं.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याचं काय झालं? १८७८ मध्ये समाजवाद्यांना सव्वाचार लाखांच्या वर मतं होती. फेब्रुवारी १८९० मध्ये ती १४ लाखांच्या पुढं गेली, देशात सगळ्या पक्षांमध्ये जास्त. आजारपणाच्या विमा मंडळांवर दोन तृतीयांश जागा कामगारांच्या होत्या, कारण हप्ता त्यांचा तेवढा होता. बंदी घातलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना तिथं बसून कारभार शिकायला मिळाला. मार्च १८९० मध्ये नवा कैसर दुसरा विल्हेल्म आणि बिस्मार्क यांचं फाटलं, त्यात कामगारांचा प्रश्नही होता. चॅन्सलरनं राजीनामा दिला. त्याच वर्षी समाजवाद्यांवरची बंदीही संपली.

पेन्शन मात्र राहिली. ज्यात कामगारानं स्वतःच्या पगारातून तिकिटं चिकटवली होती, ते त्याला कुणाचे उपकार वाटत नव्हते, स्वतःचा हक्क वाटत होता. बिस्मार्कला हप्ता नको होता तो याचसाठी. साम्राज्य बुडालं तरी पेन्शनला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. तिला फटका बसला तो १९२३ च्या महागाईत. साठवलेला पैसा कागदाच्या किमतीचा झाला, पेन्शनचा आकडा ठरलेला पण त्यात पाव येईना. पुढं १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीनं पेन्शन पगारवाढीला जोडली, ती या अनुभवानंतर.

भारतातही या पद्धतीचे धागे सापडतात. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे ०.७५ टक्के कापलेले दिसतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, ती दोघांनी मिळून हप्ता भरण्याची जर्मन पद्धतच.

बिस्मार्क ३० जुलै १८९८ ला फ्रीडरिक्सरू इथं गेला. राजीनाम्यानंतर त्यानं आठवणी लिहिल्या. त्यात युद्धं आहेत, राजे आहेत, जुने हिशेब चुकते केलेले आहेत. पेन्शनबद्दल जवळपास काहीच नाही. कबरीवर काय लिहायचं हे त्यानं स्वतःच ठरवून ठेवलं होतं, पहिल्या विल्हेल्मचा इमानी जर्मन सेवक अशा अर्थाचं.